दीड पोत्याची भाची

पहिल्या भेटीत माणसं नाव विचारतात, गाव विचारतात, फार तर आडनावावरून जातीचा अंदाज घेतात. माझ्या घरमालकांनी मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "येक पोतं अन् वर आठ किलो."

जळगाव जामोदच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायला नुकतीच रुजू झाले होते आणि खोली बघायला आले होते. मला वाटलं, माझ्या सामानाची चौकशी चालली आहे. "नाही हो, एवढं सामान नाही माझं," मी म्हटलं. तेवढ्यात आतून त्यांची बायको धावत आली. "अवो, बाईमानसाले असं म्हनते का कोनी!" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोतं म्हणजे सिमेंटचं, म्हणजे पन्नास किलो. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचं सिमेंट, सळया आणि पत्र्यांचं दुकान होतं आणि जगातल्या प्रत्येक जिवंत वस्तूचं वजन ते पोत्यात मोजत. दुसऱ्या दिवशी दुकानात कोणी नाही असं बघून मी हळूच काट्यावर उभी राहिले. अठ्ठावन्न. तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

त्यांना सगळी गल्ली मामा म्हणायची. पाच बहिणींचा एकुलता एक भाऊ, तेव्हा मामा होणं त्यांच्या कपाळीच होतं. पण त्यांनी ते एखाद्या सरकारी हुद्द्यासारखं पत्करलं होतं. स्वतःला मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख असेल तर ते मला कधी दिसलं नाही. बहिणींना मिळून बारा मुली. मुलगे किती होते ते मामांना झटकन सांगता यायचं नाही. मुलींची नावं मात्र क्रमाने पाठ, जन्माच्या वेळच्या वजनासकट.

आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा घेऊन येतो. त्यांच्या घराण्यात त्याला एक जादा कलम होतं. नवरीला मामाने उचलून न्यायचं, आणि खोलीच्या उंबऱ्यापासून बोहल्यापर्यंत तिचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. आता बहुतेक मामा भाचीचा हात धरून चालवतच आणतात. त्या मामांबद्दल आमच्या मामांचं मत फार वाईट होतं. "हात धरून काय नेता बे? पोरगी काय रस्ता पार करून राह्यली?" असं ते लोकांच्या लग्नात, जेवता जेवता, त्या मामाला ऐकू जाईल असं म्हणत. त्यांनी स्वतः अकरा भाच्या उचलून नेल्या होत्या, एका दमात, मध्ये कुठेही न थांबता. एका लग्नात वाटेत बत्ती गेली तरी थांबले नव्हते, असं मामी सांगायच्या.

ताकद होतीच तेवढी. दुकानात हमाल असूनही ट्रकमधलं पहिलं पोतं मालकानं उतरवायचं, असा त्यांचा नियम होता. ट्रक आला की शर्टाची वरची दोन बटणं काढायचे, खांद्यावर टॉवेल टाकायचे आणि पोतं असं सहज घेऊन गोडाउनात जायचे की मला शाळेची पर्स जड वाटायला लागायची. पोटही तसंच होतं. पोटावर हात ठेवून म्हणायचे, "हे भांडवल आहे मॅडम. भांडवलाबिगर धंदा होत नाही."

या भांडवलावर खामगावच्या हाडांच्या डॉक्टरांची नजर गेली. मामांचे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत होते. जमिनीवर मांडी घालून बसणं बंद झालं होतं, पंगतीत ते टेबल मागायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे. डॉक्टर म्हणाले, वीस किलो उतरवा, नाहीतर पुढेमागे दोन्ही गुडघे बदलावे लागतील. मामांनी विचारलं, "बदलून कोनाचे देता?" डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा मामा घाबरले असावेत, कारण येताना कचोरीसाठीसुद्धा गाडी थांबवली नाही, असं मामींनी मला सांगितलं.

तेव्हा त्यांचं वजन होतं दोन पोती अन् वर नऊ किलो.

दुसऱ्या कोणी पथ्य पाळलं असतं, सकाळी फिरायला गेलं असतं. मामांनी उपास गोळा केले. त्यांचं म्हणणं असं की, पथ्य माणसाशी असतं आणि माणसाला फसवता येतं. उपास देवाशी असतो. गुरुवार त्यांचा स्वतःचा होताच. सोमवार मामींकडून मागून घेतला. मंगळवार धाकट्या बहिणीकडून फोनवर घेतला. शनिवार दुकानातल्या म्हाताऱ्या हमालाचा होता. त्याला नारळ आणि टोपी देऊन तो रीतसर आपल्या नावावर करून घेतला. हमाल बिचारा पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा शनिवारी दुपारी भाकर खाताना माझ्या खिडकीतून दिसला आणि तो चोरी केल्यासारखा इकडेतिकडे बघत होता.

उपास म्हणजे साबुदाणा, असं समजणाऱ्यांतले मामा नव्हते. दोन पेले ताक आणि एक केळ, ते थेट दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत. उरलेल्या तीन दिवसांत एक भाकर आणि बिनतेलाची भाजी. एका वास्तुशांतीला गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी होती. वऱ्हाडात रोडग्याच्या पंगतीतून न जेवता उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. मामांनी पानावर फक्त काकडीच्या चकत्या घेतल्या आणि आचारी स्वयंपाक सोडून विचारायला आला, काय चुकलं म्हणून.

संक्रांतीपर्यंत मामा एक्क्याण्णव किलोंवर आले. विजार दोरीने बांधायला लागले. रुबाब असा की गल्लीत त्यांनी चालायचं सोडून फेऱ्या घालायला सुरुवात केली. "दोन पोत्याच्या आत आलो मॅडम! गुडघ्याले विचारा, कसं वाटते." मांडी घालून बसून दाखवायचे, उठून दाखवायचे, पुन्हा बसून दाखवायचे. मला खरंच कौतुक वाटत होतं. साठीच्या माणसाने एवढा निग्रह करणं सोपं नाही, आणि मी स्वतः त्या हिवाळ्यात एक पोतं अन् वर अकरा किलो झाले होते.

त्याच आठवड्यात सिमेंटचा ट्रक आला. मामांनी बटणं काढली, टॉवेल टाकला, पोत्याला हात घातला. पोतं कमरेपर्यंत आलं आणि परत खाली गेलं. त्यांनी हात झटकले, पुन्हा धरलं. पुन्हा तेच. हमाल दुसरीकडे बघायला लागले.

"कंपनी माल जास्त भरून राह्यली," मामा म्हणाले.

त्यांनी ते पोतं काट्यावर ठेवायला लावलं. पन्नास. दुसरं ठेवलं. पन्नास. एकामागून एक सहा पोती मोजली. सहावंही पन्नास. मग म्हातारा हमाल पुढे झाला आणि मालकाने न सांगताच पहिलं पोतं उचलून गोडाउनात घेऊन गेला. मामा गल्ल्यावर जाऊन बसले आणि गिऱ्हाइकाला पत्र्याचा भाव दोनदा चुकीचा सांगितला.

आणि याच सुमाराला बाराव्या भाचीचं लग्न ठरलं.

ही सगळ्यात धाकटी. साखरखेर्ड्याच्या बहिणीची मुलगी, पोलिसात शिपाई. भरतीच्या वेळी गोळाफेकीत पैकीच्या पैकी गुण घेतलेली, उंच, रुंद खांद्यांची, मोठ्याने हसणारी. लग्नाचं बोलणं करायला आली तेव्हा मामांनी तिला दारातच थांबवून पाहिलं. मी जिन्यात उभी होते. त्यांचे ओठ हलले, पण आकडा बाहेर पडला नाही.

"बोला ना मामा," ती म्हणाली. "दीड पोतं. मला माहीत आहे."

"बसून बोलू," मामा म्हणाले.

चहा झाल्यावर तिनेच विषय काढला. "मामा, तुम्ही माझा हात धरा, आपण चालत जाऊ. मोर्च्यात मी शंभर माणसं मागे सारते, चार पावलं बोहल्यावर जाता येणार नाही का मला?"

"नोको. अकरा जनी उचलून नेल्या अन् तुले चालवत नेऊ? तू काय सावत्र आहेस?"

"मग मी करते कमी. सात-आठ किलो सहज..."

मामा असे उठले की कपबशी उलटली. "खबरदार! नवरी उपाशी राहीन, काऊन त मामाच्या हातात दम नाही? घास कमी केला त पाहाय मंग." मुलीने उलटलेली कपबशी सरळ केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने हसण्यावारी नेलं. ती गेल्यावर मामा बराच वेळ दारातच उभे होते. लग्न वैशाखात होतं. हातात तीन महिने होते.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी गोडाउनातून मामींच्या किंचाळण्याचा आवाज आला. मी धावत खाली गेले. सिमेंटच्या थप्प्यांच्या मध्ये मामांनी मामींना दोन्ही हातांवर उचलून घेतलं होतं. मामी एका हाताने पदर सावरत होत्या, दुसऱ्या हाताने त्यांच्या मानेला गच्च धरून होत्या आणि लाजेने लाल झाल्या होत्या.

"अवो सोडा, मॅडम आल्या!"

"येऊ दे. मॅडम, मोजा पावलं. हे पोतं सव्वा आहे, पन सोताहून मान धरते."

मी मोजली. एक, दोन, तीन. पाचव्याला त्यांचे दंड थरथरायला लागले. आठव्याला त्यांनी मामींना कसंबसं एका थप्पीवर टेकवलं आणि स्वतः खाली बसले. कपाळावरचा घाम पुसला तर सिमेंटची भुकटी सगळ्या चेहऱ्याला लागली. थोरल्या भाचीच्या लग्नात, मामी म्हणत, ते आधी उगाच मांडवाला एक चक्कर मारून मग बोहल्याकडे गेले होते.

मामींनी साडी नीट केली. "पस्तीस वर्सांत येकदा तरी उचललं," त्या म्हणाल्या. "आठ पावलं त आठ पावलं."

मामा हसले नाहीत. "मॅडम," ते म्हणाले, "तुमी विज्ञान शिकवता. चरबी कमी कराले निघालो होतो, ताकद कोनं नेली?"

मला तो प्रश्न इतक्या सरळपणे कोणी विचारला नव्हता. मी तिथेच एका पोत्यावर बसले आणि नववीच्या वर्गाला सांगते तसं सांगितलं. बाहेरून पुरेसं जळण मिळालं नाही की शरीर नुसती चरबी जाळून थांबत नाही, हाताला लागेल ते जाळतं, त्यात स्नायूही जातात. चार दिवस पोटात काही नाही, डाळ नाही, दूध नाही, वर वजन उचलणंही कमी झालं. स्नायूंना शरीराने बिनकामाचे समजून मोडीत काढलं. घाई केली की असंच होतं. हळू उतरवायचं, डाळ-कडधान्य, दूध-दही पोटभर घ्यायचं आणि उचलणं चालू ठेवायचं. थोडी ताकद तरीही जाईल, सगळी जाणार नाही.

"म्हनजे उपास सोडाले लागन."

"हो."

"देवाचे उपास असे मधातच सोडता येत नाहीत मॅडम. उद्यापन करावं लागते."

त्यांनी उद्यापन केलं. चारी उपासांचं, एकाच दिवशी. ब्राह्मणाने आयुष्यात चार वारांचं एकत्र उद्यापन ऐकलं नव्हतं, पण मामांपुढे त्याचं काही चाललं नाही. सोमवार मामींना नारळासह परत केला, मंगळवार बहिणीला परत केला, शनिवार हमालाला परत केला. हमालाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. गुरुवार तेवढा ठेवला, तोही आता रात्री सोडायचा या बोलीवर. नंतर पंगत बसली. मामा जमिनीवर मांडी घालून बसले आणि दोन वाट्या घट्ट वरण प्यायले. रोडगा एकच घेतला. आचारी तोच होता, वास्तुशांतीचा. तो आनंदाने रडायचा बाकी होता.

त्या दिवसापासून दुकानाच्या मागे दोन भांडी नेमाने दिसायची. एकात भिजवलेली मटकी, दुसऱ्यात सोयाबीन. आमच्या भागात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन पिकतं आणि ट्रक भरभरून बाहेर जातं. ते खायचंही असतं, हे गल्लीला मामांनी दाखवलं. एक दिवस आड संध्याकाळी गोडाउनात सराव चाले. आधी अर्धं पोतं वाळू, मग पाऊण, मग एक. मामींना त्यांनी पुन्हा उचललं नाही. मामी मात्र संध्याकाळी वेणीफणी करून उगाच गोडाउनाच्या दाराशी उभ्या राहायच्या. वजन खाली येणं थांबलं नाही, पण आता ते महिन्याला किलो-दीड किलोने यायचं. वैशाखात मामा शहाऐंशीवर होते. दीड पोतं उचलून ते वीस पावलं जायचे. त्यापुढे दंड ऐकत नसत.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही साखरखेर्ड्याला पोचलो. मामा चहाला न थांबता थेट मांडवात गेले आणि नवरीच्या खोलीपासून बोहल्यापर्यंत पावलं मोजली. बेचाळीस. मंडपवाल्याला म्हणाले, बोहलं अलीकडे घे. तो म्हणाला, खांब गाडलेत. मग मामांनी मधली फुलांची कमान काढायला लावली, म्हणजे वळसा वाचेल. छत्तीस झाली. "बास. छत्तीस त मी झोपेत जातो," ते म्हणाले. विसाच्या पुढे दंड ऐकत नाहीत हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं, आणि मामींना तर फारच ठाऊक होतं. त्या रात्रभर जप करत होत्या.

दुपारचा मुहूर्त होता. अंगाची लाही होत होती, पंखे गरम वारा फेकत होते. दार उघडलं आणि मामांनी भाचीला उचललं. पैठणी, दागिने, मुंडावळ्या. मी अगदी जवळ होते, ते पुटपुटलेले ऐकलं, "अठ्ठ्याहत्तर." निघाले. बँडवाले पुढे, लोक मोबाइल वर धरून. मी मनात मोजत होते. दहा. पंधरा. एकोणिसाव्याला त्यांच्या मानेवरच्या शिरा दिसायला लागल्या. बाविसाव्या पावलाला मामा थांबले.

बँड आणखी थोडा वाजला आणि मग तोही थांबला. एक तरणाबांड चुलतभाऊ पुढे आला, "मामा, द्या माझ्याकडे." मामांनी मान हलवली. भाची त्यांच्या कानाशी म्हणाली, "मामा, खाली ठेवा मला. काही होत नाही." त्यांनी पुन्हा मान हलवली. मामींनी डोळे मिटून घेतले. आता हे हट्टाने पुढे जाणार आणि दोघंही पडणार, असं मला अगदी स्पष्ट दिसलं.

"खुर्ची आना," मामा ओरडले. "दोन आना. येकात येक घालून आना, येकटी टिकाची नाही."

प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आल्या. मामा भाचीला घेऊन त्या खुर्चीत बसले. नवरी मामाच्या मांडीवर, तिचे पाय अधांतरी, आणि समोर पाचशे माणसं. वरपक्षात कोणीतरी फिसकन हसलं. माइकवरून भटजी म्हणाले, "नवरीच्या मामांनी कृपया लवकर यावं, मुहूर्त टळतो आहे."

"मामा येऊन राह्यले म्हना!" मामांनी बसल्या जागेवरून आवाज दिला. "दम घेऊन राह्यले. पाय जमिनीले लागू द्याचा नाही, येवढंच आहे. मामानं बसाचं नाही, असं कुठं आहे?"

मग कोणी हसलं नाही. मामींनी पाण्याचा तांब्या आणला. भाचीने तो घेतला, मामांच्या तोंडाला लावला, आपल्या पैठणीच्या पदराने त्यांचं कपाळ पुसलं. ती काहीतरी हळू बोलत होती, मामा मान हलवत होते. मग ती रडायला लागली, आणि ती शंभर माणसं मागे सारणारी मुलगी मामाच्या गळ्यात हात टाकून लहान पोरीसारखी रडली. दोन मिनिटं गेली असतील. मग मामांनी पाय घट्ट रोवले, गुडघ्यांनी त्यांना साथ दिली, आणि ते तिला घेऊन उभे राहिले. उरलेली चौदा पावलं मी मोजली नाहीत. माझ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

जेवताना मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांना वरणाची वाटी धरवत नव्हती.

"काय बोलत होती ती?" मी विचारलं.

"गुडघे दुखते का म्हने." मग त्यांनी भात कालवला. "मॅडम, अकरा पोरी नेल्या म्या. उचलली, नेली, ठेवली. लोकं पाहून राह्यले का, तेवढंच पाहत होतो. येकीचंही तोंड पाह्यलं नव्हतं. ह्या पोरीच्या गालावर तीळ आहे. मले आज दिसला."

ताट तसंच ठेवून ते उठले. बायकांची पंगत समोर बसली होती. तिच्यातून वाट काढत ते थोरल्या भाचीपाशी गेले, तिच्या पुढ्यात उकिडवे बसले, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिचे कानाशेजारचे केस पांढरे झाले होते.